टीम ब्रायन

५ मार्च, राखेचा बुधवार

सकाळी चर्चमध्ये मिस्सेला जाऊन कपाळाला राख लावून आलो. आजपासून ईस्टरपर्यंत उपासाचे दिवस. प्रत्येकाने आवडीचं काहीतरी सोडायचं. क्लेमेंटिनाने मटण सोडलं. स्वयंपाक तीच करते, म्हणजे नवरा म्हणून माझंही सुटलं. तिचा भाऊ ऑलिव्हर दारू सोडतो म्हणाला. दर वर्षी म्हणतो. माझ्यापुढे प्रश्न होता, कारण माझ्यात सोडण्यासारखं फारसं काही नाही.

उत्तर ऑफिसात मिळालं. एचआरच्या ऐश्वर्या मॅडमनी सेशन ठेवलेलं. विषय: घरचा सपोर्ट आणि तरुण मुलांचं मानसिक आरोग्य. ज्या मुलांना आईबापांचा आधार असतो ती खूश राहतात, नीट झोपतात, अडचण आली तर येऊन सांगतात. मी तीन प्रश्न विचारले. त्यातल्या दोन प्रश्नांची उत्तरंही मीच दिली. मॅडम म्हणाल्या, जेराल्ड सर, आपण पुढे जाऊ या का.

तिथेच ठरवलं. यंदा काही सोडायचं नाही, धरायचं. ईस्टरपर्यंत मी पूर्ण सपोर्टिव्ह बाप होणार. अवघड नाही. घोडबंदर रोडवरच्या आठ मजली ऑफिस बिल्डिंगचा मी फॅसिलिटी मॅनेजर. पाणी, वीज, एसी, लिफ्ट सगळं माझ्याकडे. सपोर्ट हे माझं प्रोफेशनच आहे.

ब्रायनला अजून सांगितलं नाही. वय वीस, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, कॉलेज कल्याणला. हल्ली फार गप्प असतो. चांगलं लक्षण. आमच्या लाइनमध्ये कम्प्लेंट नाही म्हणजे सिस्टिम ओके.

६ मार्च, गुरुवार

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. नाव ‘टीम ब्रायन’. मेंबर मी, क्लेमेंटिना आणि ब्रायन. ऑलिव्हरला क्लेमेंटिनाने घ्यायला लावलं. तो कल्याणला राहतो, लिफ्ट रिपेअरिंग करतो, लग्न केलेलं नाही, घरात एक कुत्रा. पोरं कशी वाढवायची हे त्याला काय कळणार. पण आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचं काँट्रॅक्ट मी त्याला मिळवून दिलेलं आहे, त्यामुळे तो ऐकून घेईल.

पहिला मेसेज टाकला: “बी मातीत गाडलं जातं तेव्हाच त्याचं झाड होतं.” सोबत सूर्योदय. ब्रायनच्या ब्लू टिक लगेच आल्या. रिप्लाय नाही. मन भरून आलं की शब्द सुचत नाहीत.

ऑलिव्हरने कुत्र्याचा फोटो टाकला. विषयाला सोडून. ब्रायनने त्याला बदाम पाठवला.

८ मार्च, शनिवार

‘अ‍ॅक्टिव्ह लिसनिंग’चं पहिलं सेशन. ऐश्वर्या मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे फोन लांब ठेवायचा, समोर बसायचं, मुलाला मोकळं करायचं. गॅलरीत दोन खुर्च्या समोरासमोर टाकल्या. तो अवघडलेला वाटला म्हणून त्याला मोकळं करायला मीच सुरुवात केली. माझं बालपण, आयटीआय, पहिली नोकरी, पहिल्या बॉसने केलेला अन्याय, त्यावर मी दिलेलं उत्तर. मध्ये क्लेमेंटिना वाळत घातलेले कपडे काढून घेऊन गेली, नंतर येऊन दिवा लावून गेली. ब्रायन शेवटपर्यंत बसून होता. शेवटी मी विचारलं, तुला काही बोलायचंय का. तो म्हणाला, नाही डॅडा.

सेशन सक्सेसफुल.

क्लेमेंटिनाने विचारलं की नक्की लिसनिंग कोणी केलं. बाप-मुलाचं जमायला लागलं की आयांना असं होतं.

११ मार्च, मंगळवार

आज हग. ऑफिसच्या सेशनमध्ये स्पर्शाचं महत्त्व सांगितलेलं. आमच्या घरात ही पद्धत नाही. माझ्या बापसाने मला एकदाच जवळ घेतलेलं, तेही मी विहिरीत पडता पडता वाचलो तेव्हा, आणि लगेच नंतर मारलेलं.

ब्रायन किचनमध्ये पाठमोरा उभा होता. मागून जाऊन मिठी मारली. त्याच्या हातात चहा होता हे मागून दिसत नाही. चहा त्याच्या शर्टावर, थोडा माझ्या बाहीवर, बाकी फरशीवर. त्याने माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं. मयताच्या घरी थोपटतात तसं, पण प्रेमाने.

पोरगा बारीक झालाय. फासळ्या हाताला लागल्या. फिटनेसकडे लक्ष देतोय म्हणायचं.

१४ मार्च, शुक्रवार (धुळवड, सुट्टी)

वर्तकनगरातल्या आमच्या कॉलनीत सकाळपासून डीजे. गेल्या वर्षी ब्रायन पोरांचा लीडर होता. सेक्रेटरीची पांढरी गाडी गुलाबी केलेली, मला माफी मागायला जावं लागलेलं. यंदा खाली गेलाच नाही. पोरं दोनदा हाक मारून गेली. तो पडदे ओढून पडलेला. मॅच्युरिटी आली.

क्लेमेंटिना त्याच्यासाठी पेज घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. दार बंद. आतून नाक ओढल्याचे आवाज येत होते. त्याला रंगाची अ‍ॅलर्जी असावी. खिडक्या लावून घ्या म्हणून मी बाहेरून सांगितलं.  मी दारावर अडून बसलो नाही, निघून आलो. स्पेस देणं हाही सपोर्टच.

१८ मार्च, मंगळवार

चांगली बातमी. ब्रायन रोज सकाळी सात वाजता बॅग घेऊन निघतो, संध्याकाळी येतो आणि हात ऑइलने काळे असतात. नखांतसुद्धा ग्रीस. आमच्या वेळी इंजिनीअर पोरांचे हात गोरे असायचे, म्हणून त्यांना काही येत नसे. ऑफिसात लंचला सगळ्यांना सांगितलं की याचं कॉलेज भलतंच प्रॅक्टिकल आहे.

दुपारी बऱ्याचदा ऑलिव्हरकडे जेवतो असं कळलं. कॉलेजपासून जवळ पडतं. मी ऑलिव्हरला फोन करून बजावलं, पोराच्या अभ्यासाची वेळ गप्पांत घालवू नकोस. तो म्हणाला, “नाय रे जेरी, आम्ही बोलतच नाय जास्त.”

मग जमतं कसं यांचं.

२० मार्च, गुरुवार

हाफ डे टाकून कॉलेजला सरप्राइज व्हिजिट दिली. सपोर्टिव्ह बाप कॉलेजात दिसला पाहिजे. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून कल्याणला पोचेपर्यंत अर्धा दिवस तिथेच संपला. कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कला मुलाचं नाव सांगितलं. त्याने कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाला, हा मुलगा या सेमिस्टरला नाही. परीक्षेचा फॉर्मसुद्धा भरलेला नाही.

मी हसलो. त्याला समजावलं की सॉफ्टवेअरमध्ये असे एरर येतात, आमच्या व्हिजिटर सिस्टिममध्येसुद्धा एका माणसाला आम्ही दोन महिने बिल्डिंगच्या आतच दाखवत होतो. माझा मुलगा रोज सातला बॅग घेऊन निघतो हेही सांगितलं. क्लार्कने कीबोर्ड बाजूला सारला. म्हणाला, काका, तुम्ही घरी विचारा. मग शिपायाला सांगून मला पाणी दिलं. स्टाफ सभ्य आहे. रेकॉर्ड भिकार.

घरी विचारलं नाही. विचारणं म्हणजे अविश्वास. त्याऐवजी प्रिन्सिपलना कडक ईमेल लिहिला: माझ्या हुशार आणि नियमित मुलाचं नाव तुमच्या सिस्टिममधून गायब कसं होतं, आठ दिवसांत खुलासा करावा. बाप पाठीशी उभा आहे हे ब्रायनला कळावं म्हणून तो ईमेल ‘टीम ब्रायन’वर टाकला.

ब्रायनने ग्रुप सोडला. बोट चुकून लागलं असणार. पाठोपाठ ऑलिव्हरने सोडला. मग क्लेमेंटिनाने, आणि ती तर बाजूच्याच खोलीत होती.

आता ग्रुपमध्ये मी एकटा. अ‍ॅडमिनही मीच.

२१ मार्च, शुक्रवार

क्लेमेंटिना डब्याला भाजी देऊन म्हणाली, “जेरी, थोडे दिवस काही करू नको.”

मी म्हटलं, काही म्हणजे नक्की काय करू नको.

“सपोर्ट.”

तिला कामाच्या ताणामुळे असं होतं. ती शिक्षिका, शाळेत पेपर तपासायचे दिवस आहेत. मी तिलाही सपोर्ट करायचं ठरवलं. तिला सांगितलं नाही.

२७ मार्च, गुरुवार

ऑफिसात ११ एप्रिलला फॅमिली डे. आठव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. ऐश्वर्या मॅडमना एक बोलणारा पालक हवाय, पाच मिनिटं. मी हात वर केला. मॅडमनी आणखी कोणी आहे का म्हणून दोनदा विचारलं. कोणी नव्हतं.

भाषणाचं नाव ठरवलं: ‘मी आणि माझा मुलगा: एक टीम’. टीममध्ये सध्या मी एकटा आहे हे खरं, पण टीम लहान असली की निर्णय लवकर होतात.

३० मार्च, रविवार (पाडवा)

खालच्या मजल्यावरच्या दर्शनाताई श्रीखंड घेऊन आल्या. दारातच हळू आवाजात विचारलं, ब्रायन आता बराय ना. मी म्हटलं, फर्स्ट क्लास. त्या म्हणाल्या, वेळ लागतो हो, घाई नका करू, माझ्या भाच्याला दोन वर्षं लागली. मी म्हटलं, याला चार वर्षं लागतील, इंजिनीअरिंग आहे. त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, देव करो आणि एवढी न लागोत.

बाईला कोर्सची माहिती नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

भाषणाची रंगीत तालीम. ब्रायन ऑलिव्हरकडे. प्रेक्षक म्हणजे क्लेमेंटिना, तीही गवार मोडत बसलेली. “माझा मुलगा मला सगळं सांगतो,” या वाक्यावर मी मुद्दाम पॉझ घेतला. तिने गवारीची परात बाजूला ठेवली आणि उठून गॅलरीत गेली. पाठ माझ्याकडे. खांदे हलत होते.

भाषण पोचतंय.

८ एप्रिल, मंगळवार

ऑलिव्हरचा फोन. आमच्या ऑफिसची दोन नंबरची लिफ्ट आवाज करतेय, या आठवड्यात बंद ठेवून बघायला लागेल. मी स्पष्ट नाही म्हटलं. फॅमिली डेला पाहुणे येणार आणि लिफ्टवर ‘बंद आहे’चा बोर्ड? तो म्हणाला, “मग त्या लिफ्टने तू तरी जाऊ नको.” याला मॅनेजमेंट कळत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळ

अक्षर वाकडं आलंय, पेन खराब आहे. घाबरलेलो वगैरे नाही. जे झालं ते क्रमाने लिहितो.

दुपारी नवा शर्ट, भाषण खिशात, दोन नंबरच्या लिफ्टने वर निघालो. एकटाच. सहाव्या आणि सातव्या मजल्यामध्ये लिफ्ट थांबली. लाइट गेला, मग छोटा पिवळा दिवा लागला. इंटरकॉमवर सिक्युरिटीचा गोविंदा आला. मी त्याला शांतपणे सूचना दिल्या. तो म्हणाला, “सर, ओरडू नका, आवाज फाटतोय.”

पंखा बंद. हवा गरम. छाती एकदम धडधडायला लागली, कशामुळे ते कळलं नाही. तळहात ओले. बोटांना मुंग्या. मी खाली बसलो, म्हणजे पाय आपणहून बसले. रोझरी म्हणायला घेतली आणि पुढचे शब्दच आठवेनात. लहानपणापासून पाठ असलेले शब्द. वाटलं, संपलं.

मग वरून, दाराच्या फटीतून आवाज आला. “डॅडा?”

ब्रायनचा आवाज. मला वाटलं, मरताना होतात तसे भास होतायत. पण भास म्हणाला, “आम्ही आज खालीच होतो, लिफ्टवर लक्ष ठेवून. ऑली अंकल वर मशीन रूममध्ये गेलाय. लिफ्ट हाताने लेव्हलला आणतोय. थोडा वेळ लागेल. मी इथेच बसलोय.”

मी विचारलं, तू इथे कसा, कॉलेज नाही का. तो म्हणाला, “आधी श्वास घे. हात पोटावर ठेव. हळू. अजून हळू. सोडताना जास्त वेळ सोड.”

मी सांगितलं की मला काही झालेलं नाही, जरा उकडतंय. तो म्हणाला, “माहीत आहे काय होतंय. छाती धडधडतेय, बोटं सुन्न झाली, आणि वाटतंय आता मरणार. नाही मरत कोणी. मला होतं ना.”

मी म्हटलं, तुला कधी. आणि म्हटलं, मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा...

“डॅडा, बोलू नको. ऑक्सिजन संपेल.”

(हे टेक्निकली चूक आहे. लिफ्टला व्हेंट असतात. मी नंतर खात्री केली. पण त्या वेळी आठवलं नाही.)

म्हणून मी गप्प बसलो. तो दाराला टेकून बोलत राहिला. त्याचे बूट फटीतून दिसत होते.

डिसेंबरच्या परीक्षेत, पेपर हातात आल्यावर, त्याला हेच झालेलं. लिहिता येईना. उठून बाहेर पडला, कुठल्या तरी गाडीत चढला आणि आंबिवली स्टेशनला उतरून संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसून राहिला. घरी यायची हिंमत नव्हती. शेवटी ऑलिव्हरला फोन केला. ऑलिव्हर भुर्जीपाव घेऊन आला, शेजारी बसला, काही विचारलं नाही. पाव संपल्यावर म्हणाला, चल, कुत्र्याला फिरवायचंय. पुढचे दोन दिवस ब्रायन तिथेच होता. मग ऑलिव्हरने क्लेमेंटिनाला बोलावून घेतलं. जानेवारीत त्या दोघांनी जाऊन त्याच्यासाठी कॉलेजमधून एक वर्षाचा ब्रेक घेतला. डोंबिवलीला एक काउन्सेलर आहेत, दर शनिवारी तो तिथे जातो. सकाळी ऑलिव्हरबरोबर कामावर. मशिनीत हात घातले की डोकं शांत होतं म्हणाला. झोप अजून येत नाही. रात्रभर जागाच असतो.

मी तोंड उघडलं. “ऑक्सिजन,” तो म्हणाला.

मग म्हणाला, “तुला सांगायचं होतं. खूप वेळा आलो पण सांगायला. तेव्हा तू मला सपोर्ट करत असायचास.”

मी खिशातलं भाषण काढून त्याने वारा घेतला. 

लिफ्ट झटका देऊन वर सरकली, सातव्या मजल्याला लागली, दार उघडलं. समोर ब्रायन, निळ्या युनिफॉर्ममध्ये, हाताला ग्रीस. त्याच्या मागे सगळा फॅमिली डे. ऐश्वर्या मॅडम, अकाउंट्सचा स्टाफ, त्यांच्या बायका, फुगे घेतलेली पोरं. टाळ्या वाजल्या. ऑलिव्हर मशीन रूममधून खाली आला तेव्हा त्याच्यासाठी आणखी वाजल्या. ब्रायनने मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि पाण्याची बाटली उघडून हातात दिली. सांडेल म्हणून खालून धरून ठेवली.

भाषण राहिलं. माझ्या पाच मिनिटांत मॅडमनी लिफ्टमध्ये अडकल्यास काय करावं यावर ऑलिव्हरला बोलायला लावलं. तो दोन वाक्यं बोलला. लोकांना आवडली.

मला या सगळ्याची साधारण कल्पना होतीच. डिटेल्स नव्हते.

१२ एप्रिल, शनिवार

क्लेमेंटिनाला विचारलं, मला का नाही सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “ब्रायन म्हणाला, तो स्वतःच सांगेल, त्याला जमेल तेव्हा. तू विचारलंस का त्याला कधी?”

मी म्हटलं, विचारलं. गॅलरीत. तारीखसुद्धा सांगू शकतो.

ती म्हणाली, “विचारून थांबलास का?”

  दुपारभर टॉवेल, चादरी, सगळ्याच्या घड्या झाल्या. मी चादरीचं एक टोक धरलं. माझ्या बाजूची घडी वाकडी आली, तिने उलगडून परत घातली.

असो. आता डिटेल्स मिळाले आहेत, म्हणजे काम शास्त्रशुद्ध करता येईल. पॅनिक अ‍ॅटॅकवर सहा व्हिडिओ बघितले. स्ट्रेस बॉल मागवले, श्वासाचं अ‍ॅप डाउनलोड केलं. अ‍ॅपमधली बाई श्वास घ्या म्हणते आणि मग जाहिरात लागते. तेवढा वेळ श्वास धरून ठेवावा की सोडावा हे दिलेलं नाही.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

ब्रायन बऱ्याच दिवसांनी मिस्सेला आला. मागे दाराजवळ उभा राहिला. गर्दीत त्याला दार जवळ लागतं, हे मला आता माहीत आहे. फादरना गाठून लोकांच्या प्रार्थनेत ब्रायनचं नाव आणि त्रास थोडक्यात वाचायला सांगायचं ठरवलं. चर्चच्या सगळ्या लोकांचा, संपूर्ण पॅरिशचा सपोर्ट एका झटक्यात. सॅक्रिस्टीच्या, म्हणजे फादरच्या तयारीच्या खोलीच्या दारापर्यंत पोचलेलो. क्लेमेंटिनाने मागून कोटाला धरलं. मोठ्या बायका बघत होत्या म्हणून मी थांबलो.

मिस्सा संपेपर्यंत तिने कोट सोडला नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

स्ट्रेस बॉल आले. ब्रायनने एक घेतला, थँक्स डॅडा म्हणाला. संध्याकाळी ऑलिव्हरच्या कुत्र्याच्या तोंडात दिसला (फोटोत). कुत्र्याला फरक पडल्यासारखा वाटतो.

१७ एप्रिल, गुरुवार

आज जेवताना ब्रायन म्हणाला, शनिवारी काउन्सेलरने घरच्यांना बोलावलंय. तुला सुट्टी आहे का. येशील का.

मी पाणी प्यायलो. म्हटलं, बघतो. लगेच हो म्हटलं तर उतावीळ दिसतं.

रजा टाकली. शर्ट इस्त्रीला दिला. काउन्सेलरचं नाव श्रिया मॅडम. त्यांना देण्यासाठी मुद्दे काढले: (एक) ब्रायनचा स्वभाव, (दोन) माझा स्वभाव, (तीन) पुढचा प्लॅन, टप्प्याटप्प्याने. मॅडमना मदतच होईल. रोज एवढे पेशंट, घरचा माणूस तयारीचा मिळाला तर बरं वाटतं त्यांना.

शेवटी त्याने मलाच विचारलं. ऑलिव्हरला नाही.

१९ एप्रिल, शनिवार

ऑलिव्हरलाही विचारलेलं होतं. सकाळी खाली गाडीजवळ उभा होता, अंघोळ वगैरे करून.

गाडी मी चालवली. माझ्या बाजूला ब्रायन, मागे क्लेमेंटिना आणि तिचा भाऊ. डोंबिवलीत पोचल्यावर कळलं की मॅडमनी आज ममा आणि अंकल यांना बोलावलंय. “तुझी वेळ नंतर येईल, मॅडमनी सांगितलंय,” ब्रायन म्हणाला. “आज सगळ्यांना नेऊन आणायला गाडी लागणार होती. आणि इथे पार्किंग मिळत नाही ना.”

मिळत नाहीच. हे मी त्याला आधीच सांगू शकलो असतो.

तिघं वर गेले. मी मुद्द्यांचा कागद सीटवर ठेवून गाडीत बसलो. एका बाजूला सम तारखेला पार्किंग, दुसऱ्या बाजूला विषम, आणि दोन्ही बाजूंना भाजीवाले. पोलिसाने तीनदा उठवलं. तिसऱ्या वेळी मी त्याला माझा मुलगा वर आहे असं सांगितलं. तो म्हणाला, सगळ्यांचंच कोणीतरी वर असतं, गाडी काढा.

काढतच होतो तेवढ्यात ब्रायन खाली आला, एकटाच. पुढच्या सीटवर बसला. म्हणाला, ते दोघं अजून बोलतायत, मला जरा हवा पाहिजे होती. डोळे लाल होते. मी काहीतरी बोलणार होतो, कागदावर पहिलाच मुद्दा त्यासाठी होता, पण पोलीस काच वाजवत होता आणि पुढे वन-वे, मागे टेम्पो. त्यातून बाहेर पडेपर्यंत बोलायची संधीच मिळाली नाही. दोन वळणं घेतली आणि बाजूला बघितलं तर हा झोपलेला. डोकं काचेला टेकलेलं, तोंड उघडं. लहानपणी स्कूटरवर पुढे उभा राहून झोपायचा तसा.

गाडी थांबली की पापण्या हलायच्या. म्हणून थांबवली नाही. गल्ल्यांत सारखा ब्रेक लागतो, तेव्हा शीळ रोडला लागलो. एसी कमी केला. स्पीडब्रेकर आले की गाडी तिरकी घालून हळूच उतरवत होतो, मागचे हॉर्न देत होते. कल्याण फाट्याला वळसा घेतला, परत आलो, डोंबिवली जवळ आली तरी तो झोपलेलाच, म्हणून पुन्हा फाट्याकडे वळवली. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. क्लेमेंटिनाचा फोन आला. वाजायच्या आत कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. मग फोनच बंद करून टाकला.

उन्हं उतरायला लागल्यावर त्याने डोळे उघडले. विचारलं, “कुठे आहोत?” मी म्हटलं, रस्ता चुकलो. तो बरं म्हणाला आणि सीट मागे करून परत झोपला.

घरी आलो तेव्हा क्लेमेंटिना आणि ऑलिव्हर रिक्षाने येऊन पोचलेले. भर उन्हात बराच वेळ फुटपाथवर उभे होते म्हणे. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी तयारीत होतो, पण क्लेमेंटिनाने ब्रायनच्या गालावरचा काचेचा वळ बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता चहा टाकायला गेली. फार रागावली की ती अशी गप्प होते.

मुद्दे कागदावरच राहिले. मॅडमना भेटलो नाही, ब्रायनशी एक शब्द धड बोललो नाही, पेट्रोल जळलं ते वेगळं. ईस्टर उद्यावर आलाय.

सपोर्टच्या दृष्टीने आजचा दिवस पूर्ण वाया गेला.